क्लिपर्सची हुकलेली चार वर्षे: डॉक रिव्हर्स यांची संघबांधणी नेमकी कुठे चुकली?

पाचवा_राखीव (धागालेखक)

ख्रिस पॉल, ब्लेक ग्रिफिन आणि डीआंड्रे जॉर्डन हे तिघेही ऐन भरात असताना एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला लॉस एंजेलिस क्लिपर्सचा संघ एकदाही कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) अंतिम फेरीपर्यंत का पोहोचला नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. २०१३-१४ मध्ये ५७ विजय, त्यानंतर अनुक्रमे ५६, ५३ आणि ५१. साखळी सामन्यांतील ही कामगिरी कोणत्याही संघाला हेवा वाटावा अशी होती. प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये) मात्र पहिली दोन वर्षे दुसऱ्या फेरीत आणि पुढची दोन वर्षे पहिल्याच फेरीत गाडी अडली.

या विषयावरची बहुतेक चर्चा २०१५ च्या ह्यूस्टन मालिकेपाशी येऊन थांबते. मालिकेत ३-१ अशी आघाडी होती. घरच्या मैदानावरच्या सहाव्या सामन्यात तिसरा क्वार्टर संपायला अडीच-एक मिनिटे उरली असताना धावफलकावर ८९-७० असे आकडे होते. तिथून चौथ्या क्वार्टरमध्ये ह्यूस्टनने ४० आणि क्लिपर्सने अवघे १५ गुण केले आणि सामना ११९-१०७ असा हातातून गेला. मला आजही खटकते ती गोष्ट अशी की, हे सारे घडत असताना जेम्स हार्डन जवळजवळ संपूर्ण क्वार्टर बाकावर बसून होता. सामना फिरवला तो जॉश स्मिथ आणि कोरी ब्रूअर यांनी. म्हणजे ह्यूस्टनला आपला सर्वोत्तम खेळाडू बसवून ठेवूनही दम उरलेला होता, आणि क्लिपर्सच्या सुरुवातीच्या पाच जणांच्या पायांत त्राण राहिलेले नसतानाही त्यांच्या जागी विश्वासाने पाठवावा असा खेळाडू जमाल क्रॉफर्डखेरीज बाकावर फारसा कोणी नव्हता.

आता हा बाक भरला कोणी, असे विचारले की बोट पुन्हा प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांच्याकडेच जाते. जून २०१४ पासून रिव्हर्स हे प्रशिक्षकही होते आणि बास्केटबॉल विभागाचे अध्यक्षही. त्याआधीच्या वर्षीही खेळाडूंच्या निवडीत त्यांचाच शब्द प्रमाण होता. म्हणून माझा प्रश्न असा आहे की, हे अपयश प्रशिक्षक रिव्हर्स यांचे मानावे की संघ उभारणाऱ्या रिव्हर्स यांचे? आणि तीन तारांकित खेळाडूंचे पगार डोक्यावर असताना दुसऱ्या एखाद्या व्यवस्थापकाला याहून वेगळे काही जमले असते का?

एक विनंती. संघातला खेळाडू ऑस्टिन रिव्हर्स हा त्यांचा मुलगा होता, एवढे एकच वाक्य लिहून कृपया थांबू नये. ते सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

झोन_डिफेन्स

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते स्पष्टपणे ‘हो, जमले असते’ असे आहे, आणि त्यासाठी २०१४ चा उन्हाळा तेवढा नीट पाहिला तरी पुरे.

एनबीएमध्ये सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा) ओलांडलेल्या संघालाही दरवर्षी एक ठराविक रकमेचा करार बाहेरच्या खेळाडूशी करता येतो. त्याला मिड-लेव्हल एक्सेप्शन म्हणतात. तीन मोठे करार असलेल्या संघासाठी ही वर्षातून एकदाच मिळणारी संधी असते. तिचा पूर्ण वापर केला की, त्या काळच्या नियमांनुसार, लक्झरी टॅक्सच्या (जादा पगारांवरच्या दंडाच्या) रेषेच्या ४० लाख डॉलर वर एक पक्की भिंत उभी राहत असे आणि त्या वर्षात ती कोणत्याही कारणाने ओलांडता येत नसे. रिव्हर्स यांनी ही संधी स्पेन्सर हॉज या उंच नेमबाजावर खर्च केली. चार वर्षांचा आणि जवळपास २ कोटी ३० लाख डॉलरचा तो करार होता. हॉज बाहेरून नेम धरू शकत असे, हे खरे. परंतु ज्या संघात ग्रिफिन आणि जॉर्डन दोघेही पस्तीस-पस्तीस मिनिटे खेळतात, तिथे तिसऱ्या उंच खेळाडूला वाव किती, आणि त्याच वेळी स्मॉल फॉरवर्डची जागा उघडी पडलेली असताना ही रक्कम तिकडे का वळवली गेली नाही, याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात कुठेही आलेले नाही. वर्षभरात हॉज बाकावर गेला आणि प्लेऑफमध्ये तर त्याचे दर्शन दुर्मीळच झाले.

पण खरी हानी पुढे आहे. हॉज आणि जॉर्डन फार्मार यांच्या करारांमुळे संघ त्या भिंतीला जाऊन टेकला. आता किमान पगाराचे खेळाडू घ्यायलाही जागा उरली नाही. मग ऑगस्टमध्ये जॅरेड डडलीला मिलवॉकीकडे धाडण्यात आले. त्याचा पगार कोणी उचलावा म्हणून सोबत पहिल्या फेरीचा एक पिकही (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याचा हक्क) देण्यात आला, आणि बदल्यात आलेल्या दोन्ही खेळाडूंना लगेच मोकळे करण्यात आले. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच. डडली आदल्या मोसमात गुडघ्याच्या दुखण्याने हैराण होता, म्हणून त्याची किंमत पडली होती; मिलवॉकीत तो सावरला आणि चांगला खेळला. त्या पिकची कथा याहून वाईट आहे. तो मिलवॉकीकडून टोरंटोकडे गेला आणि २०१७ मध्ये टोरंटोने त्यावर ओजी अनुनोबीला निवडले. उंच, कोणालाही बचावात रोखू शकणारा आणि कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर टाकणारा फॉरवर्ड, म्हणजे क्लिपर्स ज्याच्या शोधात चार वर्षे वणवण फिरले, अगदी तसाच.

आणखी एक साखळी पाहा. त्याच उन्हाळ्यात राखीव पॉइंट गार्ड डॅरेन कॉलिसन सॅक्रामेंटोला गेला. त्याच्या जागी फार्मार आला. तो चालला नाही म्हणून जानेवारीत त्याला मोकळे करून ऑस्टिन रिव्हर्सला आणले, आणि त्यासाठी रेजी बुलक, ख्रिस डग्लस-रॉबर्ट्स आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक खर्ची पडला. आपल्या विनंतीचा मान राखून बाप-लेकाविषयी काही लिहीत नाही. मला आक्षेपार्ह वाटते ते बुलकला देऊन टाकणे. तो रिव्हर्स यांनीच २०१३ मध्ये २५ व्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू होता, त्याला दीड वर्षात धड मैदानावर उतरवले नाही, आणि मग ‘तयार नाही’ असे ठरवून वाटेला लावले. हाच बुलक २०२२ मध्ये डॅलसच्या पहिल्या पाचात खेळत कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत उतरला होता.

अर्ध्या_रेषेवरून

झोन_डिफेन्स यांनी बुलकचा विषय काढलाच आहे, तर ड्राफ्टचा सगळा हिशेब एकदा मांडतो, कारण माझ्या मते या धाग्याचे उत्तर तिथेच दडलेले आहे.

२०१३ चा पहिल्या फेरीचा पिक बुलकवर, २०१४ चा सी. जे. विलकॉक्सवर आणि २०१६ चा ब्राइस जॉन्सनवर खर्च झाला. मधला २०१५ चा पिक बोस्टनला द्यावा लागला तो खुद्द रिव्हर्स यांना करारातून सोडवून आणण्याच्या बदल्यात. २०१७ चा डडलीबरोबर गेला, आणि पुढचा आणखी एक फेब्रुवारी २०१६ मध्ये जेफ ग्रीनला मेम्फिसकडून आणताना लान्स स्टीफन्सनच्या जोडीला देण्यात आला. ग्रीन अवघे काही महिने खेळून त्याच उन्हाळ्यात ऑर्लँडोला निघून गेला. थोडक्यात, इतक्या पिकांपैकी एकातूनही क्लिपर्सला नियमित खेळणारा खेळाडू मिळाला नाही.

बुलकच्या दोनच जागा नंतर, २७ व्या क्रमांकावर, रूडी गोबेर निवडला गेला. विलकॉक्सनंतरच्या त्या वर्षीच्या यादीत जो हॅरिस, जेरामी ग्रँट, स्पेन्सर डिनविडी आणि ४१ व्या क्रमांकावर निकोला योकिच अशी नावे आहेत. जॉन्सननंतर दोन जागांनी पास्कल सियाकाम, चार जागांनी डेजाँटे मरे. कोणी म्हणेल की मागाहून शहाणपण सगळ्यांनाच सुचते, आणि योकिचला तर प्रत्येक संघाने डावलले होते; ते मान्य. जॉर्डन संघात असताना गोबेरला घेण्याचे कारण नव्हते, हेही मान्य. पण माझा मुद्दा कोणाला निवडले याविषयी नाही. निवडलेल्याचे पुढे काय केले, याविषयी आहे. तीन मोठ्या करारांच्या संघाला स्वस्तात मिळणारी एकमेव वस्तू म्हणजे नवख्या खेळाडूचा चार वर्षांचा करार. ज्या प्रशिक्षकाचा नवख्यांवर मुळातच विश्वास नाही त्याच्याच हाती ड्राफ्ट सोपवला, की ही वस्तू दरवर्षी वाया जाणार हे ठरलेले असते. तिच्या जागी येतात ते नावाजलेले, थकलेले आणि बहुतेक किमान पगारावर मिळणारे खेळाडू: ग्लेन डेव्हिस, हेदो तुर्कोग्लू, डॅनी ग्रेंजर, अँटवान जेमिसन, आणि २०१५ मध्ये अडतिशीला टेकलेला पॉल पिअर्स.

या यादीकडे जरा बारकाईने पाहिले तर एक गंमत दिसते. यातले बरेच जण एकतर बोस्टनमध्ये रिव्हर्स यांच्या हाताखाली खेळलेले होते (पिअर्स, डेव्हिस, ग्रीन आणि नंतर ब्रँडन बास), नाहीतर त्यांच्या संघाविरुद्ध कधीतरी चमकलेले होते. तुर्कोग्लूच्या ऑर्लँडोने २००९ मध्ये रिव्हर्स यांच्या बोस्टनला सात सामन्यांत हरवले होते. आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जॉश स्मिथ. धागालेखकांनी वर्णन केलेल्या त्या चौथ्या क्वार्टरमध्ये ज्याने क्लिपर्सला बुडवले त्यालाच दोन महिन्यांनी क्लिपर्सने करारबद्ध केले, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा ह्यूस्टनकडे रवाना केले.

शेवटी जो इंगल्सविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. हा ऑस्ट्रेलियन डावखुरा २७ व्या वर्षी, मक्काबी तेल अवीवकडून युरोलीग जिंकून, ऑक्टोबर २०१४ मध्ये क्लिपर्सच्या सराव शिबिरात आला होता. मोसम सुरू होण्याच्या तोंडावर त्याला नारळ देण्यात आला आणि यूटाने लगोलग उचलले. एप्रिल २०१७ मध्ये पहिल्या फेरीत समोर यूटाच उभा ठाकला. पहिल्या सामन्याच्या पहिल्या काही सेकंदांत यूटाच्या गोबेरचा गुडघा दुखावला, तरीही यूटाने मालिका सात सामन्यांत जिंकली. त्या मालिकेत क्लिपर्सचा नेमबाज जे. जे. रेडिक याला, स्क्रीनमागून स्क्रीन (सहकाऱ्यांनी अंगाने उभे केलेले अडथळे) पार करत, अंगाला चिकटून, श्वास घ्यायलाही उसंत न देणारा बचावपटू कोण होता? इंगल्स! पॉल, ग्रिफिन आणि जॉर्डन यांची एकत्र शेवटची मालिका अशा रीतीने एका सोडून दिलेल्या खेळाडूने आवरती घेतली.

सॅन_होजेकर

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु त्यांत आरोपपत्र तेवढे आहे आणि बचावाची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून ती मांडतो.

रिव्हर्स आले तेव्हा क्लिपर्स म्हणजे काय होते, याचा विसर पडू नये. एप्रिल २०१४ मध्ये, ऐन प्लेऑफमध्ये, तत्कालीन मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांचे वर्णद्वेषी बोलणे उघड झाले. खेळाडू मैदानावर उतरणार की नाही इथपर्यंत वेळ आली, आणि त्या आठवड्यांत संघाला एकत्र ठेवले ते रिव्हर्स यांनीच. त्यांना अध्यक्षपद मिळाले तेही त्याच धामधुमीत, संघाची मालकी स्टीव्ह बामर यांच्याकडे जाण्याच्या सुमारास. संस्थेत दुसरा कोणी विश्वासाचा माणूस उरलेला नसताना सर्व सूत्रे त्यांच्याकडे गेली. त्यांनी ती ओरबाडून घेतली असे नव्हे.

चांगले निर्णयही होते. २०१३ मध्ये एरिक ब्लेडसो आणि कॅरन बटलर यांना देऊन त्यांनी रेडिकला आणले, आणि २०१५-१६ मध्ये थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीत रेडिक संपूर्ण लीगमध्ये पहिला होता. लुक म्बा अ मूट हा बचावपटू त्यांनी किमान पगारावर मिळवला आणि तो बराच काळ पहिल्या पाचात खेळला. २०१५ च्या जुलैमध्ये डीआंड्रे जॉर्डनने डॅलसला तोंडी होकार दिला होता. तेव्हा सहकाऱ्यांना घेऊन त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसणे आणि त्याचे मन वळवणे, हेही संघबांधणीतच मोडते. आणि ऑस्टिनविषयी लिहू नका म्हणता, तरी त्याच्या बाजूने दोन वाक्ये लिहू द्या: त्याच ह्यूस्टन मालिकेतील तिसऱ्या सामन्यात त्याने २५ गुण केले होते, आणि २०१६ मध्ये पोर्टलँडविरुद्ध डोळ्याजवळ ११ टाके घालून परत येऊन २१ गुण केले होते. वशिल्याचा म्हणून हिणवला गेलेला खेळाडू त्या बाकावरचा सर्वांत उपयोगी खेळाडू ठरला, हे मान्य करायला हवे.

राहिला दुर्दैवाचा भाग. २०१५ मध्ये सॅन अँटोनियोविरुद्धच्या सातव्या सामन्यात पॉलने मांडीचा स्नायू दुखावलेला असताना शेवटच्या सेकंदाला विजयी बास्केट केली, आणि त्याच दुखापतीमुळे तो ह्यूस्टनविरुद्धचे पहिले दोन सामने मुकला. २०१६ मध्ये पोर्टलँडविरुद्ध चौथ्या सामन्यात पॉलचा हात मोडला आणि ग्रिफिनची मांडी पुन्हा दुखावली, दोन्ही एकाच रात्री. २०१७ मध्ये ग्रिफिनच्या पायाचा अंगठा दुखावला. यांत कोणता व्यवस्थापक काय करणार होता?

झोन_डिफेन्स

सॅन_होजेकर, दुखापतींचा मुद्दा मी नाकारत नाही. मात्र तो माझ्या बाजूने अधिक झुकतो. पॉल तिशीत होता, ग्रिफिनचे गुडघे आणि मांड्या वारंवार दुखावत होत्या, हे सर्वांना दिसत होते. अशा संघाला सात-आठ विश्वासू राखीव खेळाडूंची गरज इतरांपेक्षा जास्त असते, म्हणजे साखळीतल्या ८२ सामन्यांत मुख्य खेळाडूंची मिनिटे वाचवता येतात. बाक रिकामा असला की प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना जास्त वेळ खेळवतो, ते दमतात, दुखावतात, आणि मग आपण दैवाला बोल लावतो.

ऑस्टिनच्या बाबतीत आपले बरोबर आहे. तो वाईट खेळाडू नव्हता.

जुना_गार्ड

मी एनबीएचा तुमच्याइतका बारकाईने अभ्यास केलेला नाही. परंतु आमच्या जिल्ह्याच्या कुमार संघाच्या निवडीत मी काही वर्षे बसत असे, आणि त्यातली बरीच वर्षे निवड समिती व प्रशिक्षक म्हणजे व्यवहारात एकच माणूस असे. त्यामुळे धागालेखकांच्या पहिल्या प्रश्नावर, म्हणजे दोष प्रशिक्षकाचा की निवडकर्त्याचा यावर, थोडे लिहावेसे वाटते.

प्रशिक्षकाची स्मरणशक्ती फार विचित्र असते. त्याला आपल्याविरुद्ध टाकलेली प्रत्येक बास्केट लक्षात राहते. निवड चाचणीला चाळीस मुले आली, की त्याची नजर आधी गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात आपल्याला छळणाऱ्या मुलावर जाते. तो मुलगा आता वयाच्या मर्यादेला टेकला आहे, या वर्षानंतर खेळणार नाही, हे त्याला दिसत असूनही दिसत नाही. त्याच चाचणीत एखादा पंधरा वर्षांचा, हातापायांनी लांब, पण अजून डाव्या हाताने ड्रिबल न जमणारा मुलगा असतो. एका वर्षी असाच एक मुलगा रिबाउंडसाठी प्रत्येक वेळी रिंगच्या वर हात नेत होता आणि खाली येताना दर वेळी चेंडू गमावत होता. प्रशिक्षकाने कागदावर त्याच्या नावापुढे फुली मारली, कारण राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि तीन आठवड्यांत तो मुलगा चेंडू धरायला शिकणार नव्हता. प्रशिक्षक म्हणून त्याचा निर्णय योग्यच होता. समितीवर दुसरे कोणी असते तर त्याने विचारले असते की, पुढच्या वर्षी आपला सेंटर कोण?

अर्ध्या_रेषेवरून यांनी दिलेली यादी वाचताना मला हीच नजर दिसली. रिव्हर्स यांनी निवडलेला प्रत्येक खेळाडू मंगळवारच्या सामन्यासाठी निवडलेला आहे. पिअर्सला घेतले तर तो चौथ्या क्वार्टरमध्ये घाबरणार नाही, हे प्रशिक्षकाला पक्के ठाऊक असते. तो अडतीस वर्षांचा आहे, हा अध्यक्षाने घ्यायचा आक्षेप, आणि तो घेणारा माणूस त्या इमारतीत नव्हता.

पाचवा_राखीव (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुना_गार्ड यांच्या प्रतिसादानंतर एक उपप्रश्न. ग्रेग पॉपोविच यांच्याकडेही सॅन अँटोनियोत दोन्ही पदे वर्षानुवर्षे होती आणि त्यांचे कोणी वाभाडे काढले नाहीत. मग दोष दोन पदे एकत्र करण्यात आहे, की माणसात?

अर्ध्या_रेषेवरून

पॉपोविच यांच्याकडे अध्यक्षपद असले तरी शेजारच्या खोलीत आर. सी. ब्यूफर्ड जनरल मॅनेजर म्हणून बसलेले होते, आणि टोनी पार्कर किंवा मानू जिनोबिली यांच्यासारखे खेळाडू जगाच्या कोपऱ्यातून शोधून आणणारी यंत्रणा त्यांच्या हाताखाली होती. शेवटचा शब्द कोणाचा, यापेक्षा त्या शब्दाआधी वाद घालणारा कोणी आहे का, हे महत्त्वाचे.

त्या काळात ही दुहेरी पदांची लाटच आली होती. डेट्रॉइटमध्ये स्टॅन व्हॅन गंडी, मिनेसोटात टॉम थिबोडो, अटलांटात माइक बुडेनहोल्झर आणि लॉस एंजेलिसमध्ये रिव्हर्स. बुडेनहोल्झर यांनी २०१७ मध्ये ते अधिकार सोडले, रिव्हर्स यांचे त्याच वर्षी काढून घेतले गेले, व्हॅन गंडी २०१८ मध्ये आणि थिबोडो जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडले. व्हॅन गंडी यांनी २०१५ मध्ये डेव्हिन बुकरला आणि २०१७ मध्ये डोनोव्हन मिचेलला डावलून दुसऱ्यांची निवड केली होती. चारही माणसे प्रशिक्षक म्हणून उत्तम होती, त्यामुळे केवळ माणसाचा दोष म्हणणे कठीण आहे.

सॅन_होजेकर

या शेवटच्या मुद्द्यावर माझे दुमत नाही, आणि त्याला पुरावा क्लिपर्सच्याच पुढच्या दोन वर्षांत सापडतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये बामर यांनी रिव्हर्स यांच्याकडे प्रशिक्षकपद तेवढे ठेवले आणि खेळाडूंची निवड लॉरेन्स फ्रँक यांच्याकडे दिली. त्याआधी दोन महिने जेरी वेस्ट सल्लागार म्हणून आले होते. पॉल जूनमध्येच ह्यूस्टनला गेला होता आणि त्याच्या बदल्यात पॅट्रिक बेव्हर्ली, लू विल्यम्स, मॉन्ट्रेझ हॅरेल असे खेळाडू आणि एक पिक आला होता. जानेवारी २०१८ मध्ये ग्रिफिनला डेट्रॉइटला देण्यात आले, म्हणजे व्हॅन गंडी यांनाच! त्यातून टोबायस हॅरिस आला आणि पहिल्या फेरीचा जो पिक आला, तो १२ वा ठरला. ड्राफ्टच्या रात्री शार्लटशी अदलाबदल करून एक जागा वर सरकत क्लिपर्सने शे गिल्जस-अलेक्झांडरला निवडले. २०१८-१९ मध्ये एकही ऑल-स्टार नसलेल्या या संघाने ४८ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध त्यांच्याच मैदानावर ३१ गुणांची पिछाडी भरून काढली, आणि नवख्या गिल्जस-अलेक्झांडरला रिव्हर्स यांनी पहिल्या पाचात खेळवले. नवख्यांना हात न लावणारे म्हणून ज्यांच्यावर वर टीका झाली आहे तेच हे रिव्हर्स. दुसऱ्याने निवडून दिलेला नवखा त्यांनी निमूटपणे घडवला.

झोन_डिफेन्स

आणि तरीही २०२० उरतेच. काव्हाय लेनर्ड आणि पॉल जॉर्ज संघात, डेन्व्हरविरुद्ध ३-१ आघाडी, आणि शेवटच्या तीन सामन्यांत अनुक्रमे १६, १९ आणि १२ गुणांची आघाडी घेऊन तिन्ही सामने गमावले. ३-१ अशी आघाडी गमावण्याची रिव्हर्स यांची ती तिसरी वेळ होती. पहिली २००३ मध्ये ऑर्लँडोत, दुसरी २०१५ ची. या वेळी बाक भरलेला होता आणि खेळाडू त्यांनी निवडलेले नव्हते. डेन्व्हरच्या योकिचसमोर उभा राहू शकेल असा उंच, दणकट इव्हित्सा झुबात्स संघात होता. पण रिव्हर्स मोक्याच्या मिनिटांना पुन्हा पुन्हा हॅरेलला पाठवत राहिले, कारण हॅरेल त्या वर्षीचा सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला होता आणि वर्षभर त्याने सामने जिंकून दिले होते. योकिच त्याच्या डोक्यावरून सहज पास देत होता आणि नेमही मारत होता, हे टीव्हीवर पाहणाऱ्यालाही कळत होते. जुना_गार्ड ज्या स्मरणशक्तीविषयी लिहितात ती अध्यक्षपद काढून घेतले म्हणून जात नाही, असे मला वाटते.

झुबात्स २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ३२ व्या क्रमांकावर निवडला गेला होता; ब्राइस जॉन्सनच्या सात जागा नंतर.